झेंड्याखालचे बूट

"अहो, हे तुमचे बूट ना?"

दुर्गा एवढंच म्हणाली. तिचं बोट वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर, एका फोटोच्या खालच्या कडेवर टेकलं होतं. बोटाला ओली कणीक. मनमोहन तळपदेने बशी ओठांपर्यंत नेली होती, ती तिथेच थांबली. फोटोत एक मोठं कापड ताणून धरलेलं. अर्धं करडं, अर्धं पांढरं, मधोमध गडद चंद्रकोर आणि चांदणी. उजव्या टोकाला काळ्या कोटातला एक परका माणूस, तोंडाने नाही पण डोळ्यांनी हसणारा. डाव्या टोकाला कोणी नाही. म्हणजे वरची कड पकडलेली चार बोटं आहेत, आणि खाली, कापड संपतं तिथे, पँटचे दोन पाय आणि दोन बूट. बोटं आणि बूट यांच्यामधला माणूस कापडामागे. डाव्या बुटाच्या चवड्यावर पिंपळपानासारखं ठिगळ. ते ठाकूरद्वारच्या नाक्यावर शिवून घेतलं तेव्हा दुर्गा शेजारीच उभी होती आणि चांभाराला म्हणाली होती, जरा नाजूक टाका घाल रे बाबा, हे सचिवालयात जातात.

"ठिगळ तर तेच," ती म्हणाली. तिच्या आवाजात संशय नव्हता. गंमत होती. नवऱ्याचा फोटो पेपरात आला, गुडघ्याखालचा का होईना.

"असतील कुणाचे तरी."

"काल तुम्ही परळला गेला होतात ना पण?"

"गेलो होतो. मागे उभा होतो."

खोटं नव्हतं ते. मागेच उभा होता. दुर्गा हसत आत गेली, पोळपाटावर लाटणं वाजू लागलं, आणि तो फोटोतल्या करड्या रंगाकडे बघत राहिला. पेपरात रंग नसतो. खाली चार ओळींचा मजकूर: अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे प्रतिनिधी श्री. बशीर यांचे परळ येथे स्वागत, कामगार व महिला मोठ्या संख्येने हजर. 'अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे' असं छापलेलं नव्हतं, ते बरं झालं. बरं झालं, असं मनात उमटलं आणि त्याने बशी खाली ठेवली. हा शब्द त्याच्या मनात कुणी ठेवला? रोज सकाळी पेपर उघडून, आपल्या खात्याला अडचणीत आणणारं काही छापलेलं नाही हे पाहून, बरं झालं म्हणणारा हा माणूस त्याच्यात केव्हापासून राहायला आला? भाडं न देता. आता तोच घरमालकासारखा वागतो.

शनिवारी साहेबांनी बोलावलं होतं. साहेबांच्या टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलीचा फोटो, आणि बोलताना साहेब त्या फोटोकडे बघतात, समोरच्याकडे नाही. "तळपदे, अल्जीरियाचा एक गृहस्थ येतोय. रविवारी परळला सभा आहे. तुम्ही जा." मग सावकाश, एकेक बोट मिटत: झेंडा नाही. राष्ट्रगीत नाही. हिज एक्सलन्सी वगैरे नाही. खाजगी गृहस्थ. अल्जीरिया चार-पाच वर्षं फ्रेंचांशी लढतोय, माणसं मरतायत, त्यांच्या पुढाऱ्यांनी देशाबाहेर बसून सरकार जाहीर केलंय, काही देशांनी ते मानलंय, आपण अजून मानलेलं नाही. सहानुभूती आहे, मान्यता नाही. सहानुभूती आणि मान्यता यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात मनमोहनची नोकरी होती. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या, हार, खुर्च्या, आणि कुणाचा झेंडा कुणाच्या उजवीकडे. "लेखी काही देत नाही," साहेब म्हणाले. "आणि तिथे हुकूम-बिकूम म्हणू नका. परळ आहे ते. सरकारनं झेंडा अडवला म्हटलं की उद्या तिथूनच मोर्चा. तुम्ही मराठी आहात. गोड बोलून करा." तुम्ही मराठी आहात. गेली तीन-चार वर्षं हे वाक्य कचेरीत दोनच प्रकारे म्हटलं जात होतं, संशयाने किंवा कामासाठी. या वेळी कामासाठी होतं म्हणून त्याला हायसं वाटलं.

भोईवाड्यातली व्यायामशाळा. पुढे पटांगण, पटांगणाला लागून चाळ. भिंतीवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, त्यावर पालिकेचा चुना, चुन्यातून पुन्हा वर आलेली तीच अक्षरं, आजारी माणसाच्या कातडीखालून शिरा दिसाव्यात तशी. तो रविवारी दुपारीच पोचला. राजाराम नावाचा गिरणीतला साचेवाला सभेचं सगळं बघत होता. उंच, घाईचा, बोलताना मान तिरपी करणारा. तिरपी का ते जवळ गेल्यावर कळलं: उजव्या कानाची पाळी नव्हती. मनमोहनची नजर तिथे अडकलेली पाहून तो मोकळेपणी हसला. "फाउंटनला ठेवून आलो सायब. तुमच्या कचेरीच्या जवळच. दिसली तर धाडून द्या." मनमोहनही हसला. हसावं लागलं. त्या गोळीबाराच्या दिवशी फाउंटनच्या बाजूने आवाज आले तेव्हा आधी वाटलं होतं फटाके. मग सगळे खिडकीशी धावले. तोही. त्याच्या हातात पडद्याची दोरी होती. दोरी आपण ओढली की ती आपोआप सुटली, हे त्याला आजही सांगता येत नाही. पडदा खाली आला एवढं खरं.

आणि बांबूवर झेंडा.

लावून झाला होता. वाऱ्यात नीट उघडत होता. तो घाईने बांबूकडे निघाला, आणि दुसऱ्याच क्षणी थांबला. कारण झेंडा निळा होता. अर्धा निळा, अर्धा पांढरा, मध्ये लाल चंद्र-चांदणी. फायलीतलं रंगीत चित्र त्याने पाहिलेलं: हिरवा-पांढरा. निळा नव्हेच. चुकलेत हे लोक. देवानेच तोंडात वाक्य घालावं तसं झालं.

"रंग चुकलाय," तो म्हणाला.

राजारामच्या आईने शिवला होता तो, जाईबाईने. चाळीत खाली मशीन टाकून ती चोळ्या-परकर शिवायची. नाकावर सरकलेला चष्मा, गळ्यात टेप, साठीची बाई. ती पुढे आली. "चुकला? अवो, पेपर बघून शिवलाय मी. सुनेनं धरला, मी मापलं."

"पेपरात करडा दिसतो."

"तेच तर. आमच्या बाबासायबांचा झेंडा पन पेपरात असाच करडा येतो. त्यो निळा, म्हंजे ह्यो बी निळाच असनार." तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. पेपरात जे करडं दिसतं ते यांच्या घरात निळं असतं. दीक्षा घेऊन, तो रंग सगळ्या घरांवर चढवून त्यांना तीनच वर्षं झाली होती. दुसरा कुठला रंग सुचणार?

"आणि लाल?" त्याने उगीच विचारलं.

"युनियनचं कापड उरलेलं," राजाराम म्हणाला. "ते तरी बरोबर हाय का?"

"ते बरोबर आहे."

"बघ आये, युनियन बरोबर निगाली," राजाराम म्हणाला, आणि भोवतीच्या बायका हसल्या. तेवढ्यात मनमोहनने आवाज खाली आणला, गोड केला. साहेबांनी सांगितलं होतं तसा. "हे बघा, त्यांचा देश लढतोय. माणसं त्या झेंड्यासाठी मरतायत. इतक्या लांबून आलेल्या माणसाला चुकीचा झेंडा दिसला तर त्याला काय वाटेल? त्यापेक्षा नकोच लावायला."

कुणी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, तो आता चहाच्या बशीत बघत म्हणतो. रागावले असते, तू कोण म्हणाले असते. पण बायकांचे चेहरे उतरले. जाईबाईने पदर तोंडाशी नेला, भर पंगतीत हातून ताट पडल्यासारखा. "शोभा झाली असती गं बया," ती हळूच म्हणाली. "सांगनारं कुनी नव्हतं वो आमाला." आणि स्वतःच स्टूल ओढून वर चढली, गाठ सोडायला. स्टूल डुगडुगत होतं. मनमोहनने ते धरलं. आपल्या खात्याची लाज त्याने अशी, एक गोड वाक्य बोलून, त्या बाईच्या अंगावर टाकली होती, आणि आता ती पडू नये म्हणून स्टूल धरून उभा होता.

खाली उतरल्यावर तिने कापडाची घडी घातली. चष्मा वर सरकवला. "मग खरा कसा असतो?"

इथे गप्प बसता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण त्याला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे दाखवायची संधी आयुष्यात त्याला फार मिळत नसे. "हिरवा," तो म्हणाला. "निळ्याच्या जागी हिरवा. गडद."

मग तो खुर्च्या बघत फिरला. पाहुण्याची खुर्ची इतरांपेक्षा उंच नको, खाजगी गृहस्थ. चाळीतून मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. कुणाची तरी चोळी असेल, त्याला वाटलं. दिवेलागणीला जाईबाई आली. मागे तिची सून शेवंती, भरल्या पोटाची, चालताना एक हात कमरेवर. जाईबाईने कापड झटकून उघडलं. हिरवा. गडद, लुगड्याचा हिरवा, जरा चमकणारा. "उसवायला वेळ नव्हता, निळ्यावरच टाकला. पन पुढनं कळतंय का सांगा? नाही ना? हिच्या आईनं सातव्या महिन्याला धाडलेलं लुगडं. देव सोडले सायब, पन हिरवं लुगडं नाय सोडलं आमी." ती हसली. "काठ राखलाय. उरल्याची बाळाला दुपटी हुतील."

शेवंतीने एकदाच वर बघितलं. "आता बराबर झाला?" तिने विचारलं.

झेंडा लावण्यात आला नाही.
झेंडा लावण्यात आला नाही, कारण तो चुकीचा होता.
झेंडा लावण्यात आला नाही, कारण तो बरोबर होता.

अशी वाक्यं मनात ओळीने उभी राहिली, कचेरीतल्या अक्षरात. राजाराम बांबू आडवा करून गाठ मारायला लागला होता. मनमोहनने बांबूवर हात ठेवला.

"लावता येणार नाही."

"आता काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. वरून सांगितलंय. त्यांचं सरकार आपण अजून मानलेलं नाही. म्हणून झेंडा नाही."

राजारामने मान तिरपी केली. नसलेल्या पाळीचा कान पुढे. "वरून म्हंजे?"

"वरून."

"मग ह्ये तुमी आदी का नाय सांगितलं?" हे जाईबाईने विचारलं. आवाज चढवला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "निळा हुता तवाच सांगायचं, झेंडा नको. माजं काय, मी काडला असता. हिचं लुगडं तरी राहिलं असतं."

उत्तर होतं. मोर्चा निघेल म्हणून. तुम्ही मराठी आहात म्हणून. पडद्याची दोरी हातात होती म्हणून. "मला वाटलं…" तो म्हणाला आणि पुढे काही वाटलं नाही. शेवंती कापडावरची एक सुरकुती तळहाताने सपाट करत होती, पुन्हा पुन्हा, तीच सुरकुती. राजाराम म्हणाला, "आमच्यावर गोळ्या घातल्या तवा पन वरूनच आलं हुतं. वर बसलंय तरी कोन एवडं?" दोन-चार माणसं जवळ सरकली. आता निघतो मोर्चा, हे मनमोहनच्या मनात आलं आणि त्याबरोबर साहेबांच्या टेबलावरची काच. तेवढ्यात जाईबाईने मुलाला हाताने मागे सारलं.

"ऱ्हाऊ दे. पावना दारात येईल आता, भांडताना बघायचा. सायब, झेंडा लावायचा नाय ना? नाय लावत. पन पावन्याला आहेर करायला सरकारची ना हाय का?"

तो नियम आठवू लागला. झेंड्याचे नियम पाठ होते, आहेराचे कुठेच नव्हते. "आहेराबद्दल… काही नाही."

"मग झालं तर." तिने कापडाची घडी घातली, लुगड्याची घालतात तशी, लांबट. घडी ताटात ठेवली. वर नारळ. झेंडा दिसेना. आहेर दिसू लागला.

बशीर आले तेव्हा पेट्रोमॅक्स लावले होते. सडपातळ, केस पिकू लागलेले, कोटाची बाही मनगटाशी विरलेली. तुटक इंग्रजीत बोलले, शाळेतल्या एका मास्तरांनी मराठीत सांगितलं. गावं जळाल्याचं सांगितलं, आवाज न चढवता. टाळ्या पडल्या. मग जाईबाईने ताट पुढे केलं. त्यांनी नारळ घेतला, तो कुठे ठेवावा कळेना, मास्तरांच्या हातात दिला, आणि घडी उचलली. दोन पदर उघडल्यावर थांबले. हिरवा, आणि हिरव्याला लागून पांढरा. तिसरा पदर उघडला आणि लाल टोक दिसलं. तो माणूस त्या कापडाकडे असा बघत राहिला की पटांगणात मुलंसुद्धा गप्प झाली. मग त्यांनी ते उघडायला घेतलं. पण ते मोठं होतं, एकट्याच्या हातांत मावेना. त्यांनी एक टोक धरलं आणि दुसरं शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे केलं. शेजारी मनमोहन होता. "प्लीज," ते म्हणाले.

त्याने धरलं. हे खरं आहे, त्याने टोक धरलं. क्षणभर छातीत काहीतरी इतकं स्वच्छ हललं की त्याला वाटलं, हे असंही असतं तर. आणि समोर फोटोवाल्याने कॅमेरा उचलला. त्याने विचार केला नाही. पाय आपोआप हलले, एक पाऊल मागे, एक पाऊल बाजूला, आणि तो कापडाच्या मागे होता. चार बोटं वर राहिली.

पलीकडून टाळ्या. दिव्याचा उजेड कापडातून गाळून येत होता. आणि त्याच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, झेंडा निळा होता. उसवायला वेळ नव्हता, निळ्यावरच टाकला. घाईचे, वाकडे होत गेलेले टाके. चंद्राची कोर नाही, तिची नुसती शिवण. सगळ्या पटांगणाला हिरवा दिसत होता, त्या एकट्याला निळा. आणि तेव्हा, तिथे, त्याला ते सुचलं. निळा-पांढरा झेंडा जगात कुठल्याच अल्जीरियाचा नव्हता. त्याला बंदी नव्हती. दुपारी तो तसाच बांबूवर राहू दिला असता तर कुठलाही नियम मोडला नसता. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगता आलं असतं, तो त्यांचा झेंडा नव्हे. पाहुण्याला त्यामागचं मन समजलं असतं. जाईबाईची शोभा झाली नसती, शेवंतीचं लुगडं राहिलं असतं. सगळे नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढंच दिसलं नव्हतं. त्याच्या आधी त्याच्या भीतीने पाहिलं होतं. कापडाला नव्या लुगड्याचा खळीचा वास येत होता. तो श्वास रोखून उभा राहिला, फोटोवाला पुरे म्हणेपर्यंत.

परत जाताना गाडीत बशीर शेजारी. मांडीवर घडी. लालबागला रस्त्यात पोलीस, भिंतींवर तीच चुन्यातून वर आलेली अक्षरं. "हे काय लिहिलंय? एवढे पोलीस का? तुम्ही तर स्वतंत्र आहात," त्यांनी विचारलं. मनमोहनने तयार उत्तर दिलं, "अंतर्गत प्रश्न आहे." बशीर बाहेर बघत म्हणाले, "फ्रेंचही आमच्याबद्दल हेच म्हणतात." त्यात टोचणी नव्हती, थकवा होता. मग त्यांनी घडीचं टोक उलटलं आणि निळं दिसलं. बोटाने चाचपलं. "आणि हे?"

आता. सांगायचं असेल तर आता. पेपरातला करडा, यांच्या घरचा निळा, सातव्या महिन्याचं लुगडं. गाडी भायखळ्याच्या पुलावर चढत होती.

"अस्तर," तो म्हणाला.

"छान. म्हणजे टिकेल," बशीर म्हणाले, आणि दोन्ही हात त्यावर ठेवून डोळे मिटून घेतले.

"चपला घालून कचेरीत?" दुर्गा दारात उभी होती. तिने बूट पुसून ठेवले होते. कोपऱ्यातला पाटही सरकवला होता, त्यावर बसून तो नाड्या बांधतो म्हणून. ठिगळाला पॉलिश जास्त लागलं होतं, ते चमकत होतं.

"चावतात."

"बारा महिने नाही चावले ते!" ती म्हणाली. मग तिची नजर ठिगळावर गेली. तिने पेपर कपाटावर ठेवला होता, तिसरं पान वर. शेजारच्या कौसल्याबाईंना दाखवायला. आता तिने तो उचलला, घडी उलटी केली आणि भांड्यांच्या फळीवर अंथरायला आत नेला. तिने काही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. असं त्याने जिना उतरताना तीन मजले स्वतःला सांगितलं.

कचेरीत साहेबांच्या टेबलावर तेच पान उघडं होतं, मुलीच्या फोटोवर. साहेबांनी 'या' म्हटलं. फोटोकडे बघितलं. मग, पहिल्यांदाच, समोर बघितलं. पण चेहऱ्याकडे नाही. नजर टेबलाच्या कडेवरून खाली गेली, पँटच्या पायांवरून, चपलांपर्यंत, आणि तिथे जरा थांबली.

"झेंडा लावला नव्हता ना?"

"नाही साहेब. आहेर होता."

"आणि हा कोण?" साहेबांचं बोट फोटोच्या खालच्या कडेवर. स्वच्छ, नख कापलेलं बोट, अगदी दुर्गाचं होतं त्याच जागी.

"चाळीतला कुणीतरी असेल," मनमोहन म्हणाला. आणि म्हणताना त्याला त्या कुणीतरीचा हेवा वाटला. व्यायामशाळेच्या पटांगणात राहणारा, जाईबाईने हाक मारली तर ओ देणारा, ठिगळाचे बूट घातलेला कुणीतरी.

साहेब हसले. समजून, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसे. पेपर मिटला. काचेखालची मुलगी पुन्हा दिसू लागली.

"छान सांभाळलंत, तळपदे. तोंड कुठेच नाही." त्यांनी पुढची फाईल ओढली. "उद्यापासून बूट घालून येत जा. काही हरकत नाही."

"हो साहेब," तो म्हणाला. चपलांतली बोटं आत वळत गेली, जितकी वळतात तितकी.